कमवा की शिका?

गेल्या जूनमध्ये आमचा भाचा सांगलीहून साताऱ्याला आला, तेव्हा त्याच्याजवळ भडंगाची एक पिशवी आणि दोन कागद होते. भडंगाविषयी घरात तत्काळ एकमत झालं. कागदांवरून पुढे अकरा दिवस जे चाललं, त्याला दाजी ‘चर्चा’ म्हणतात. आमच्या शेजाऱ्यांनी त्यासाठी वेगळा शब्द योजला आहे.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे जूनमध्येच झालेला, अजून ओला. पहिला कागद साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा होता. त्यावर तीन ओळी आणि एक तिरका शिक्का. हुद्दा ज्युनिअर इंजिनिअर, पगार महिना १७ हजार, सोमवारी सकाळी आठला हजर व्हावे. दुसरा कुपवाडच्या एका मोठ्या कारखान्याचा. तो कागद नव्हताच, चार पानांची पोथी होती. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ म्हणून वर्षभराचं पद्धतशीर प्रशिक्षण, चार खात्यांत तीन-तीन महिने, दर तिमाहीला परीक्षा, १३ हजार विद्यावेतन, दोन गणवेश, सेफ्टी शूज, कंपनीची बस आणि कॅन्टीनमध्ये अर्ध्या दरात जेवण. चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीनंच वाचावं अशा अक्षरात, एक वाक्य होतं : ‘प्रशिक्षण पूर्ण झाल्यानंतर कामगिरी व कंपनीची गरज पाहून नियुक्तीचा विचार केला जाईल.’

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझी नजर आधी व्याकरणावर पडते. ‘विचार केला जाईल’ हा नवीन कर्मणी प्रयोग. यात कर्ता ‘कडून’ लावून यायचा असतो. इथे तो आलेलाच नव्हता. विचार कुणाकडून, कधी, आणि तो करून झाल्यावर आपल्याला कळवणार का, काही पत्ता नाही. बिनकर्त्याचं हे वाक्य आमच्या भागाच्या चांगल्या ओळखीचं आहे. खानापूर-आटपाडीच्या लोकांनी टेंभूच्या पाण्याची वाट बघत याच वाक्यावर कितीतरी दुष्काळ काढले. पाणी आलं शेवटी. पण ज्यांनी अर्ज केले होते, तोवर त्यांचे नातू इंजिनिअर झाले होते.

“मामा, कुठला घेऊ?” भाच्यानं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आबांनी पेपर खाली घेतला. आबा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पर्मनंट हाय का?”

“आजोबा, दोन्हीतलं एकही नाही.”

“मग कागद हितं आणलासच कशाला?” असं म्हणून आबा पुन्हा पेपरात गेले. आबांच्या जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत : पर्मनंट, आणि अजून लागायचाय. त्यांच्या लेखी मीसुद्धा तीन वर्षं ‘अजून लागायचाय’ होतो, कारण मी शिक्षणसेवक म्हणून सुरुवात केली. तीन वर्षं वर्गात साठ पोरं, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी, सगळं पूर्ण. फक्त पगाराला मानधन म्हणायचं. त्या तीन वर्षांत आबांनी गावात कुणालाही ‘पोरगा मास्तर आहे’ असं सांगितलं नाही. ‘शाळेत जातो’ एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, मी दहावीला पुन्हा बसलोय.

खरं तर आबा स्वतः शिकाऊ म्हणूनच एसटीत लागले होते. त्यांच्या प्रशिक्षणाची पद्धत अशी : फोरमन पाना फेकून मारायचा. “दोन महिन्यांत असं झालं की, पाना पडल्याचा आवाज ऐकला की नंबर सांगायचो. चौदाचा हाय का सतराचा.” अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक आणि मूल्यमापन एकाच फेकीत उरकणारी अशी योजना मी नंतर कुठे पाहिली नाही.

दाजींची तासगावकडं द्राक्षबाग आहे. ते कुठलाही विषय छाटणीवर आणतात, आणि या वेळी त्यांनी आणला तो मला अजून विसरता येत नाही. “हे बघा,” ते म्हणाले, “एप्रिलला आपण खरड छाटणी घेतो. त्या टायमाला वेलीला एक घड नसतो. तरी पाणी देतो, खत देतो, औषध मारतो. कशापायी? काडी तयार व्हावी म्हणून. त्या उन्हाळ्यात काडीत डोळा कसा भरतो, त्यावर ऑक्टोबर छाटणीनंतर घड किती निघायचे ते ठरतं. ट्रेनी म्हंजी एप्रिल छाटणी. माल मागायचा न्हाई, काडी बघायची.”

घर थक्क झालं. इतकं सुंदर समर्थन त्या कारखान्याच्या मनुष्यबळ खात्यालाही सुचलं नसतं. मग आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि ऑक्टोबरला पाऊस लागला मग?”

दाजी गप्प झाले. तासगावात ज्याची बाग आहे तो या प्रश्नाला गप्पच होतो.

आक्काचा मुद्दा मुळात शेतीचा नव्हताच, बायोडाट्याचा होता. भाचा तेवीस वर्षांचा. पण आमच्याकडं हल्ली मुलगी शोधायला घेतली की तीन वर्षं सहज जातात, तेव्हा आत्ताच सुरुवात केली तर वेळेत होईल, असा तिचा हिशोब. बायोडाट्यात चार रकाने महत्त्वाचे : नोकरी, पगार, शेती, घर. नोकरीच्या रकान्यात ‘ट्रेनी’ लिहिलं की समोरचे ‘तात्पुरता’ असं वाचतात. एका हळदीकुंकवात तर एका बाईंनी विचारलं, “ट्रेनी म्हणजे रेल्वेत का?” आक्का म्हणाली, “रेल्वे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की मला नाही म्हणवेना.” त्यामुळे तासगावच्या एका गल्लीत आमचा भाचा नोकरी लागायच्या आधीच मध्य रेल्वेत रुजू झालेला आहे.

माझ्या मनात वेगळाच हिशोब चालला होता. आमच्या या दोन जिल्ह्यांत दोन नगदी पिकं आहेत, ऊस आणि इंजिनिअर. ऊस जुना. इंजिनिअर आधी मोजके निघायचे. सांगलीत १९४७ साली सुरू झालेलं कॉलेज, जे पुढे वालचंद म्हणून ओळखलं गेलं, आणि कऱ्हाडला १९६० चं सरकारी. मग १९८३ मध्ये आमचेच वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि या पिकाखालचं क्षेत्र एकदम वाढलं. चांगलंच झालं, आधी आमची पोरं डोनेशन भरायला बेळगाव-बंगळूरकडं जायची. पण उसाला एफआरपी आहे, इंजिनिअरला नाही. उसाला पहिली उचल मिळते आणि ती कमी पडली तर संघटना रस्त्यावर उतरते, टायर पेटतात, वाहनं अडतात. इंजिनिअरच्या दरासाठी आजवर कुणी सायकलची ट्यूबसुद्धा पेटवलेली नाही. १३ हजार विद्यावेतन ही पहिली उचल समजायची, आणि अंतिम बिलाचा विचार केला जाईल.

कायदा काय म्हणतो ते बघू, असं मी ठरवलं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. साताऱ्याची सैनिक स्कूल निघाली तेच वर्ष. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसं आहेत तिनं एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत, पदवीधराला २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ९ हजार विद्यावेतन दिलं पाहिजे, वगैरे. मी हे मोठ्यानं वाचत होतो. मग एक कलम आलं : शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे.

भाचीनं मोबाइलमधून मान वर काढली. “मग तो तिथं काय करतो?”

“शिकतो.”

“आणि काम?”

“तेही करतो.”

“आणि नंतर घेतात का?”

“घेतलंच पाहिजे असं बंधन नाही.”

“कळलं,” ती म्हणाली. “मी हेच करतेय.”

इथे भाचीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण घरात या विषयातली तज्ज्ञ तीच. ती बी.कॉम. झाली आणि २०२४ साली सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय आणि डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. लोक या योजनेला ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले, आणि आमची भाची लाडका भाऊ योजनेत लागलेली बहीण झाली. तिला एका सरकारी कचेरीत पाठवलं. पहिल्या दिवशी तिला खुर्ची नव्हती. दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळाली, टेबल नव्हतं. चौथ्या दिवशी टेबल मिळालं, त्यावर दोन वर्षांची साचलेली टपाल होती. महिन्याभरात कचेरीत असं झालं, की कुठलाही अर्ज कुठे आहे हे फक्त तिलाच माहीत. लोक बाहेरून ‘मॅडम आहेत का?’ असं विचारत यायचे. मॅडम म्हणजे ही. वय बावीस.

“शिकलीस काय?” मी विचारलं होतं.

“‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे चेहरा न हलवता म्हणायला.”

याला हसू नका. हे वाक्य नीट म्हणायला लोकांची निम्मी सेवा जाते. सहा महिने संपले तेव्हा कचेरीतल्या दोघांना खरंच वाईट वाटलं, कारण टपाल पुन्हा साचू लागली. मग सरकारनं पाच महिन्यांची मुदतवाढ दिली, भाची परत गेली, आणि अकरावा महिना संपल्यावर पुन्हा घरी आली. राज्यभरातल्या प्रशिक्षणार्थ्यांनी आम्हाला कायम करा म्हणून मोर्चे काढले. भाचीही एकदा मुंबईला जाऊन आली. येताना तिनं आझाद मैदानावरच्या वडापावचं फार कौतुक केलं.

सातारा म्हटल्यावर फौज आलीच. आमच्याकडं अपशिंग्याच्या बाजूचे एक निवृत्त सुभेदार येतात, पहिल्या महायुद्धापासून ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले त्याच अपशिंग्याचे. त्यांचं मत थोडक्यात असं : “ट्रेनिंगमध्ये पगार, खाणं, कपडा, शिव्या, सगळं सरकारी. नोकरी आणि ट्रेनिंग यात आम्हाला फरकच कळला नव्हता.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण २०२२ पासून तिथंही अग्निवीर. चार वर्षं करा, मग शंभरात पंचवीस ठेवणार.” बाकीच्या पंचाहत्तरांचं काय, हे कुणी विचारलं नाही. ते वाक्य एव्हाना सगळ्यांना पाठ होतं.

शनिवारी भाचा सांगलीला परत निघाला तेव्हा सोबत मीही निघालो. आक्काला घरी पोचवायचं हे निमित्त. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये रिक्षा शिरली तेव्हा आपण नेमके कुठल्या तोंडानं बाहेर पडणार, याची रिक्षावाल्यालाही खात्री नव्हती. भाचा म्हणाला, “मामा, माझं सेम असंच झालंय.” पोरगं हुशार आहे.

गाडीनं कऱ्हाड सोडलं, टाकारी गेलं आणि किर्लोस्करवाडी आली. मास्तर माणसाला खिडकीतून इतिहास दिसला की गप्प बसवत नाही. मी भाच्याला म्हटलं, बघ, ही वाडी उभी करणाऱ्या माणसाची सुरुवात बघ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथं कळलं की डोळ्यांना काही रंगच नीट ओळखू येत नाहीत. चित्रकला सुटली. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथं हक्काची बढती दुसऱ्याला गेली. नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी इथला निवडुंगाचा माळ दिला, १९१० साली. आणि तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी या वाडीचे राखणदार नेमलं.

“पोलीस व्हेरिफिकेशन?” भाच्यानं विचारलं.

“पोलिसांकडूनच आलेले म्हटल्यावर व्हेरिफिकेशन झालेलंच होतं.”

भाचा विचारात पडला. आज लक्ष्मणरावांनी कुठल्या कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरला असता, तर ‘आपल्या कारकिर्दीत इतकी धरसोड का?’ या रकान्यालाच संगणक अडला असता, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

मी आणखी सुरूच होतो. हेच किर्लोस्करांचे नांगर विकत एक उंचापुरा माणूस गावोगाव फिरायचा. भाऊराव पाटील. मॅट्रिकही झालेले नव्हते. आजच्या भाषेत सांगायचं तर फील्ड जॉब, टार्गेट, प्रवासभत्ता. पण नांगर विकता विकता त्यांनी गावातली न शिकलेली पोरं बघितली. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथं पोरं शेतात राबायची, दळायची, स्वयंपाक करायची आणि शिकायची. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच तत्त्वावर, कमवा आणि शिका. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्याला. कर्मवीर.

हे सांगता सांगता माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. ‘कमवा आणि शिका’ यातला ‘आणि’ हे समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय. दोन गोष्टी जोडतं. भाच्याच्या दोन कागदांनी काय केलं होतं? ‘आणि’ खोडून तिथं ‘की’ लिहिला होता. कमवा की शिका. विकल्पबोधक. साताऱ्यानं ‘आणि’ लावून सोडवलेलं गणित मधल्या पाऊणशे वर्षांत कुणीतरी ‘की’ लावून पुन्हा मांडून ठेवलं. मला हा शोध इतका आवडला की मी तो डब्यात मोठ्यानं सांगितला. समोरच्या बाकावरचे गृहस्थ भिलवडीला उतरले. त्यांना तिथंच उतरायचं होतं, असं मी धरून चालतो.

तासगावला पोचलो तर दाजींचे चुलतभाऊ आलेले. त्यांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचं काम करतात हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. केरळ असो की आसाम, सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात मूस आणि भट्टी घेऊन बसलेला माणूस बहुधा आमच्याकडचा निघतो. काका वर्षातून दोनदा गावी येतात, यात्रेला आणि कुणाच्या तरी लग्नाला. फोनवर तमिळ इतकं फर्डं बोलतात की मराठी बोलताना मध्येच अडखळतात.

दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पोथी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. वाचली असावी असं वाटलं नाही.

“मी सोळाव्या वर्षी गेलो,” ते म्हणाले. “पत्र्याची ट्रंक घेऊन. पैली दोन वर्सं निसता झाडू मारला.”

“पगार?” भाची.

“पगार कसला गं! जेवण, ऱ्हायला दुकानाचा माळा, दिवाळीला कापडं.”

“पळून यावंसं नाही वाटलं?”

“आलो की! दोनदा. दोन्ही बारीला बापानं मिरज स्टेशनावरनंच परत धाडला.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. “एक दिवस दुकान झाडलं आन केर बाहेर टाकला. शेटनं असा काही कानाखाली काढला, की आजून आठवतंय. मला वाटलं, केर टाकलेला चुकला? तवा कळलं. गाळायच्या दुकानातला केर टाकत न्हाईत. गोळा करून ठेवत्यात. वर्साकाठी जाळत्यात, धुत्यात, त्यातनं सोनं निगतंय. दोन वर्सं मी सोनं झाडत हुतो आन मला पत्त्या नव्हता.” त्यांनी चष्मा काढला. “मग मला मुशीपाशी बसू दिलं. मग ॲसिड. मग टंच काढायला. शिकवायला असं कोन बसलेलं न्हवतं. पर माझ्याकडं बगायला कोनतरी हुतं.”

मग भाच्याकडं वळून : “तुझ्या ह्या दोन ठिकाणी, तू उद्या केर बाहेर टाकलास तर कानाखाली काढणारा कोन हाय? त्येवढं इचार.”

माझी उभयान्वयी अव्ययं या प्रश्नापुढं फिकी पडली हे मी मान्य करतो. कानाखाली काढू नये, तो गुन्हा आहे, हे मी शिक्षक या नात्यानं तिथं नोंदवलं. काकांनी नोंद घेतली नाही.

सोमवारी भाच्यानं दोन फोन केले. घरातले सगळे स्पीकरभोवती.

साताऱ्याचे वर्कशॉपमालक घाईत होते. “शिकवायचं काय त्यात? मशीन आहे, तुम्ही आहात. आधीचा मुलगा पंधरा दिवसांपूर्वी गेला. ड्रॉइंग वाचता येतं ना? मग या.” मागून ग्राइंडरचा आवाज येत होता. प्रामाणिक माणूस. सतरा हजार म्हणाला तर सतराच देईल असा आवाज.

कुपवाडच्या बाईंनी आधी विचारलं, “सेफ्टी शूजचा नंबर?”

“आठ. मॅडम, मला पहिले तीन महिने कुठं टाकणार?”

“स्टोअरला. आणि हे आधीच सांगते, आमचे स्टोअरकीपर फार ओरडतात. मागच्या बॅचनं त्यांची लेखी तक्रार केली होती.”

“कशावरून ओरडतात?”

“बोल्ट चुकीच्या खणात ठेवला तर.”

भाच्यानं फोन ठेवला आणि काकांकडं बघितलं. काका उठून पाणी प्यायला गेले. ठरलं.

आता यातून कुपवाड बरोबर आणि सातारा चूक असा अर्थ कुणी काढू नये. साताऱ्याच्या त्या जागेवर भाच्याचाच वर्गमित्र लागला. पहिला महिना रोज फोन करून रडायचा. कुणी काही सांगत नाही, चुकलं की माल भंगारात आणि पगार कापतील अशी भीती. मग एकदा मालक गणपतीला गावी गेले आणि चार दिवस सगळं वर्कशॉप त्याच्यावर पडलं. परत आले तेव्हा दोन ऑर्डरी गेलेल्या होत्या, एक जॉब बिघडलेला होता आणि पोराला सीएनसीवर प्रोग्रॅम टाकता येत होता. सहा महिन्यांत पगार २० हजार झाला. आमचा भाचा त्या वेळी १३ हजारांवर कास्टिंग विभागात वाळूची चाचणी घ्यायला शिकत होता. दिवाळीत दोघं भेटले तेव्हा जेवणाचं बिल वर्गमित्रानं दिलं, हे आक्काला कळलं आणि पुढं दोन दिवस दाजींना छाटणीवर बोलता आलं नाही.

पण स्टोअरकीपरांची गोष्ट सांगायलाच हवी. ते खरंच ओरडतात. एकोणतीस वर्षांची नोकरी. भाच्यानं पहिल्या आठवड्यात एम-१२ चा बोल्ट एम-१० च्या खणात ठेवला. त्यांनी अर्धा तास सुनावलं, मग त्याला बाहेर नेऊन एक पंप दाखवला, जो तीन वर्षांपूर्वी अशाच एका बोल्टामुळे गिऱ्हाइकाकडून परत आला होता. अजून ठेवलाय, दाखवायला. भाचा आता बोल्ट नुसता हातात घेऊन आकार सांगतो. आबांनी हे ऐकलं तेव्हा पेपर पूर्ण बाजूला ठेवला आणि प्रथमच म्हणाले, “जागा बरी दिसतीय.” मग लगेच, “पर्मनंट करणार का?”

त्याचा निकाल पुढच्या जूनमध्ये. सध्या भाचा चौथ्या खात्यात आहे. भाची एका सीएच्या ऑफिसात लागली. तिथं तिला पहिल्या दिवशी खुर्ची आणि टेबल दोन्ही एकदम मिळालं, त्यामुळे ती अजून जरा बावरलेली आहे.

आणि आक्कानं बायोडाटा छापलाच. नोकरीच्या रकान्यात खूप वादानंतर ‘इंजिनिअर (ट्रेनी), कुपवाड’ असं आलं, कंस माझा. वाईच्या एका घरी तो गेला. त्यांची मुलगीही इंजिनिअर, फलटणच्या एका कारखान्यात आहे. आठ दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मुलगा पसंत आहे, शेती पसंत आहे, रेल्वेचं काय ऐकलं होतं ते कळलं नाही पण हरकत नाही. अडचण एवढीच की मुलगीसुद्धा ट्रेनीच आहे, आणि ती म्हणते, दोघांतलं एक आधी कायम होऊ दे, मग भेटू.